बडोद्याहून माउंटन बाइक: कोतरं, नेळियां आणि खंबायतचं आखात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात माउंटन बाइक घेतलेली बरीच मंडळी पहिले काही महिने रिंग रोडवरच फिरत राहतात आणि मग विचारतात, आता कुठे? असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अंतरं दांडिया बाजारापासून ढोबळमानाने धरली आहेत. तुम्ही माणेजा किंवा समा भागात राहत असाल तर चार-पाच किलोमीटर इकडे-तिकडे होतील.

१. बडोदा सपाट. इथे माउंटन बाइकचा उपयोग काय?

डोंगर नाही, पण कच्चा रस्ता भरपूर आहे आणि तो चार प्रकारचा आहे. पश्चिमेला आणि उत्तरेला मही नदीकाठची कोतरं, म्हणजे पावसाने कापलेल्या खोल घळी. पाद्रा-सावली भागात नेळियां, म्हणजे दोन्ही बाजूंना थोराचं कुंपण असलेल्या, शेतापेक्षा खोल गेलेल्या बैलगाडीच्या वाटा. नैऋत्येला जंबुसरपलीकडे आखाताचा खारपट. पूर्वेला पावागड-जांबुघोड्याची मुरमाड टेकाडं. डभोईकडची जमीन इतकी सपाट आहे की १८६२ मध्ये मियागाम-डभोई ही देशातली पहिली नॅरोगेज गाडी बैलांनी ओढली. त्या बाजूला चढ शोधत जाऊ नका.

२. अगदी पहिली फेरी कुठे करावी?

महीकाठचं सिंधरोट गाव. शहरातून सुमारे १५ किलोमीटर, शेवटचा तुकडा सोडला तर सगळी डांबरी सडक. चेक डॅमच्या आधी डावी-उजवीकडे शेतवाटा फुटतात. त्यांतली एखादी धरून तीन-चार किलोमीटर जा आणि त्याच वाटेने परत या. पहिल्या दिवशी कोतरात उतरू नका, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे. नदीतही उतरू नका. वाळू उपसल्यामुळे महीच्या पात्रात अचानक खोल खड्डे लागतात आणि वरून पाणी गुडघाभरच दिसतं.

३. हायब्रिड सायकल चालेल का? सस्पेन्शन लागतंच का?

आखाताकाठच्या कावी-कंबोईपर्यंतच्या (प्रश्न १०) डांबरी रस्त्याला हायब्रिड उत्तम, माउंटन बाइकपेक्षा हलकीच जाईल. नेळियात मात्र ३५-४० मिमीचा टायर फुफाट्यात रुततो. तिथे किमान २.१ इंची हवा. पुढचं सस्पेन्शन १०० मिमी असलेली हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, या भागाला पुरून उरते. मागचं सस्पेन्शन असलेली सायकल इथे वजन आणि देखभाल वाढवते, फायदा फक्त जांबुघोड्याच्या दगडी वाटांवर, तोही थोडा. पैसे खर्चायचेच असतील तर ते ट्यूबलेस टायरवर करा (प्रश्न ५).

४. कुठल्या महिन्यात कुठे जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळीकडे. मार्च ते मे पहाटे निघून नऊच्या आत सावलीत. दुपारचा पारा ४० च्या वर जातो आणि कोतराच्या भिंती उष्णता धरून ठेवतात. पावसाळ्यात तारखेपेक्षा माती पाहा.

महीकाठची गोराडू माती रेताड आहे. पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत चालवण्याजोगी होते. करजण, डभोई आणि जंबुसरकडची कानम पट्ट्यातली काळी माती मात्र टायरला चिकटते, फ्रेम आणि चाकाच्या मधली जागा भरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की चिखलात ओढला गेलेला डिरेल्युअर (मागचे गिअर बदलणारी यंत्रणा) हँगरसकट (ती अडकवायची फ्रेमवरची पट्टी) वाकतो. परीक्षा सोपी आहे: टाच दाबून दहा पावलं चाला. तळव्याखाली थर वाढत गेला तर मागे फिरा. कडक ऊन पडूनही काळ्या मातीला चार-पाच दिवस लागू शकतात.

उलट टोक एप्रिल-मे महिन्यांत येतं. तीच काळी माती तडकते आणि वाटेच्या दिशेने गेलेल्या भेगेत पुढचं चाक अडकून माणूस हँडलवरून जातो. भेगा दिसल्या की त्या तिरप्या ओलांडा, समांतर चालवू नका.

५. दर फेरीला पंक्चर होतं. टायर खराब आहे का?

टायर नाही, गांडो बावळ. मराठीत वेडी बाभूळ. महीकाठ आणि खारपट दोन्हीकडे ती माजली आहे आणि शेतकरी तोडलेल्या फांद्यांचं कुंपण घालतात, त्यामुळे काटे वाटेवर पसरतात. काटा टायरमध्ये घुसून टोक आतच मोडतं. तुम्ही ट्यूब बदलता, टोक तिथेच राहतं आणि अर्ध्या तासात नवी ट्यूबही पंक्चर होते. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून सुती फडकं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे, ते चिमट्याने काढा. उघड्या बोटाने चाचपू नका.

ट्यूबलेस केल्यास २९ इंची, २.२ रुंदीच्या टायरला १०० मिलीच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, लागतं. इथल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकून रबराचा गोळा होतो. तेव्हा व्हॉल्व्हची कोअर काढून आत काडी घालून पाहा, कोरडी आली तर ६० मिली टाका. वाटेत टायरमध्ये काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका, घरी जाऊन काढा.

पॅच लावणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे घाई. सोल्युशन लावल्यावर त्याची ओली चमक जाईपर्यंत, साधारण तीन ते पाच मिनिटं, थांबायचं आणि मगच पॅच दाबायचा. एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब मे महिन्यात पिशवीतच सुकते, म्हणून न उघडलेली एक जवळ असू द्या.

६. गावात पंक्चरवाला असतोच की. पंप कशाला वाहायचा?

गावातल्या सायकलवाल्याचा पंप साध्या काळ्या सायकलींच्या वुड्स व्हॉल्व्हसाठी असतो. तुमचा प्रेस्टा, म्हणजे बारीक आणि टोकाला फिरकी असलेला व्हॉल्व्ह, असेल तर तो नीट बसेलच असं नाही. मोटारींच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर श्रेडरवर, म्हणजे मोटारीच्या जाड व्हॉल्व्हवर, बसतो, म्हणून प्रेस्टावर घालायचं छोटं पितळी ॲडॉप्टर कायम व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. कॉम्प्रेसरने एक-दोन सेकंदांचे झटके द्या आणि दर झटक्याला अंगठ्याने दाबून पाहा. ट्रकच्या सवयीने हवा भरणाऱ्या हातात नळी दिली तर ट्यूब फुटते. सोबत हे असावं: हातपंप, एक ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, चेन ब्रेकर असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक, फ्रेमला बसणारा जादा हँगर, चार-पाच झिप टाय आणि फाटलेल्या टायरच्या आत लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा.

७. हवा किती ठेवायची?

सत्तर किलोचा माणूस, २.२ चा टायर आणि आत ट्यूब असेल तर डांबरावर ३५ ते ४० पीएसआय, नेळियात पुढे २६ आणि मागे २८-३०. ट्यूबलेसला प्रत्येकी तीन-चार कमी. वजन जास्त असेल तर दर दहा किलोमागे एक-दोन वाढवा. ट्यूब असताना २२ च्या खाली गेलात की दगडावर रिम आदळून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. सकाळी गार असताना भरलेली हवा दुपारी थोडी वाढलेली असते, तेव्हा सायकल तापत्या उन्हात आडवी टाकून जेवायला बसू नका.

८. नेळियात सायकल का घसरते?

तळाला ट्रॅक्टरने कुटलेला फुफाटा असतो, कधी कधी घोट्यापर्यंत. पुढचा ब्रेक दाबला की चाक खणत जातं. एक गिअर खाली आणा, वजन थोडं मागे घ्या, हँडल सैल धरा आणि एका लयीत पेडल मारत राहा. थांबलात तर पुन्हा निघणं अवघड. शक्यतो चाकोरीच्या मधल्या गवताळ पट्ट्यावरून जा.

बाजूच्या थोराला घासू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टर गाठा. चष्मा घालणं स्वस्त पडतं. आणि कान उघडे ठेवा, दोन्ही कानांत इअरफोन नकोत. ट्रॉली आली तर अरुंद नेळियात बाजूला व्हायला जागा नसते, तुम्हालाच मागे रुंद जागेपर्यंत यावं लागतं.

९. कोतरात वाट चुकली तर?

आधी न चुकण्याबद्दल. कोतरांची डोकी दर पावसाळ्यात मागे सरकतात. मागच्या वर्षीच्या जीपीएस ट्रेसवरची, म्हणजे फोनने नोंदवून ठेवलेली, वाट यंदा हवेत संपू शकते. नवा ट्रेस दिवाळीनंतरचा असेल तरच विश्वास ठेवा. वरून चालवताना कडेपासून किमान तीन मीटर आत राहा. कड खालून पोखरलेली असते आणि वरचं गवत ते झाकतं.

आत गेल्यावर चुकलात तर जिकडे चढ दिसतो तिकडे धावावंसं वाटतं. पण बहुतेक उपकोतरांचं डोकं म्हणजे उभी भिंत. तिथे सायकल खांद्यावर घेऊन चढायचा प्रयत्न करणारे भुसभुशीत मातीसकट खाली येतात. त्याऐवजी आपल्याच टायरच्या खुणा धरून मुख्य घळीपर्यंत परता आणि शेळ्यांची पायवाट शोधा. लेंड्या ताज्या असतील तर वाट चालू आहे आणि ती गावात जाते. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर या, तळाशी अंधार लवकर होतो. पावसाळ्यात, आकाश निरभ्र असलं तरी, तळातून जाऊ नका. वर कुठे पाऊस पडला ते तुम्हाला दिसत नाही.

१०. कावी-कंबोईचा पूर्ण मार्ग सांगा.

बडोदा, पाद्रा, मासर रोड, जंबुसर, कावी, कंबोई. एकूण सुमारे ७५ किलोमीटर, चढ जवळजवळ शून्य. पाद्र्यापर्यंत ट्रकची वर्दळ आहे, म्हणून उजाडताच निघून तो तुकडा लवकर पार करा. पाद्र्यानंतर मुख्य रस्त्याला समांतर नेळियां आणि गावरस्ते मिळतात. त्यांनी अंतर दहा-बारा किलोमीटरने वाढतं, पण माउंटन बाइक नेण्याचं कारण तेच आहे. या पट्ट्यात उद्योगांचं सांडपाणी सारोदकडे नेणारी वाहिनी लागते. तिच्या वरून किंवा कडेने सरळ वाट दिसली तरी ती सायकलची नाही.

जंबुसरला पोटभर खा आणि सगळ्या बाटल्या भरा. पुढे भूजल खारं आहे, हातपंपाचं पाणी तहान वाढवतं. कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर आहे, जे भरतीत पाण्याखाली जातं. समोर वाळूची चौपाटी नाही, मैलभर चिखल आहे. वाऱ्याचाही हिशोब करा. हिवाळ्यात वारा ईशान्येचा, म्हणजे जाताना पाठीशी आणि परतताना छातीवर. जाताना ताशी २४ च्या वेगाने उडालात म्हणून येताना तेवढंच होईल असं समजू नका, परतीला दीडपट वेळ धरा. मे महिन्यात नेमकं उलट. नवख्यांनी एका बाजूला गाडी सांगून ठेवलेली बरी.

११. भरतीची वेळ कशी काढायची? मुंबईचं कोष्टक चालेल का?

नाही. आखाताच्या आतल्या टोकाला भरती मुंबईनंतर काही तासांनी पोचते आणि उंचीतही तुलना नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाचा चढउतार दहा मीटरच्या वर जातो, देशात सर्वांत मोठ्यांपैकी. त्या दिवसाच्या स्थानिक वेळा मंदिरात आणि गावात सांगतात. एक वेळ कळली की पुढचं घरी काढता येतं: पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, आणि रोज जवळपास ५० मिनिटं उशिरा. आज सकाळी ९ ला असेल तर उद्या ९:५० च्या आसपास.

तिथीचा आडाखा असा. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाची भरती सर्वांत लहान. मार्च आणि सप्टेंबरची उधाणं वर्षातली मोठी.

जीव जातो तो भरतीच्या उंचीने नाही, वेगाने. इथे पाणी चढतं झपाट्याने आणि उतरतं सावकाश. सपाट चिखलावर ते समोरून लाट होऊन येत नाही, आधी मागच्या ओहोळांतून भरतं आणि परतीची वाट कापतं. म्हणून ओहोटी असली तरी चिखलावर सायकल घालू नका. वरून वाळलेल्या पापुद्र्याखाली मांडीपर्यंत गाळ असतो. बांधावर आणि पक्क्या वाटेवर राहा. मिठागरांच्या पाळ्याही टाळा, चाकाने त्या फुटतात आणि नुकसान अगरियाचं, म्हणजे मीठ पिकवणाऱ्याचं, होतं.

१२. पौर्णिमेच्या रात्री कंबोईपर्यंत राइड केली तर?

प्रश्न ११ वाचून उत्तर कळलं असेल. चांदणं आणि मोठं उधाण एकत्र येतात, शिवाय दर्शनाची गर्दी आणि गाड्याही. मोकाट जनावरं आणि रोझ, म्हणजे नीलगाय, पहाटे-रात्री रस्त्यावर येतात. चांदण्याची हौस असेल तर अजवा तलावाकडच्या डांबरी रस्त्यावर भागवा.

१३. परतल्यावर सायकल कशी धुवायची? कार वॉशला नेली तर?

कार वॉशचा फवारा हब, बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेटच्या सीलमधून पाणी आत ढकलतो, आणि खारपटावरून आल्यावर ते पाणी खारट असतं. बादली आणि तांब्या पुरे. त्याच दिवशी धुवा, रात्रभर ठेवलीत तर सकाळी चेनवर तांबडं दिसेल.

आधी गोड्या पाण्याने चिखल भिजवून सोडवा. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, चेन आणि कॅसेटला वेगळा ब्रश. पुन्हा पाणी, फडक्याने पुसून सावलीत वाळवा. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये शिरलेलं पाणी निघतं. परत बसवताना धातूच्या पोस्टला ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेत ती फ्रेमला कायमची चिकटते. कार्बनला ग्रीस नको, त्याची पेस्ट वेगळी. चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरून पुसून कोरडी करा. फुफाट्यासाठी ड्राय ल्यूब, खारपटासाठी वेट ल्यूब. शिलाई मशीनचं तेल एका राइडपुरतं चालतं, मोटारीचं जुनं इंजिन ऑइल मात्र नको, धूळ धरून पॉलिशपेपर होतो. डिस्कवर तेलाचा शिंतोडा उडाला तर पॅड बदलण्यापर्यंत पाळी येते.

१४. मगरींची भीती खरी की गप्पा?

खरी. विश्वामित्री शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, तशाच अजव्यात, देव आणि ढाढर नद्यांत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांतही शिरल्या. सायकलस्वाराला धोका फक्त काठावर: टायर धुणं, बाटली भरणं, फोटोसाठी खाली उतरणं. पाण्यापासून दहा पावलं दूर राहा. फेब्रुवारी ते जून हा अंडी आणि पिल्लांचा काळ, तेव्हा मादी काठ सोडत नाही.

१५. नर्मदा कालव्याच्या बाजूचा रस्ता एकदम गुळगुळीत आहे. तिथून जाऊ?

सार्वजनिक रस्ता समांतर असेल तिथे जा. बांधावरची देखभालीची वाट बऱ्याच ठिकाणी बंद आहे, पाटी आणि साखळी असेल तर ओलांडू नका. मुख्य कालव्याचा सिमेंटचा उतार शेवाळलेला असतो. पडलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही.

१६. ॲप गंभीरा पुलावरून मार्ग दाखवतं. तो चालू आहे का?

मुजपूरजवळचा तो महीवरचा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला. जुने ट्रेस अजूनही तिथून जातात. आणंद-बोरसद बाजूची गोल फेरी करायची तर सिंधरोटपलीकडचा उमेटा पूल धरा. नव्या पुलाची स्थिती निघण्याआधी पाद्र्यात विचारून घ्या.

१७. शेतातून जाताना कोणी अडवलं तर?

थांबा, उतरा, हेल्मेट काढा आणि गुजरातीत बोला. "काका, आ नेळियुं नदी सुधी जाय छे?" (ही वाट नदीपर्यंत जाते का?) एवढ्याने बहुतेक वेळा वाटच नाही, चहाही मिळतो. पेरलेल्या शेताच्या शेढ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालवू नका, ओल्या मातीत टायरची चर पडते आणि तिथून पाणी फुटतं. कुंपणाच्या तारेला हात लावू नका. रोझ आणि डुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, लावलेलं असतं. अधिकृत यंत्राचा झटका नुसता हादरवतो, पण कोणी थेट घरची वीज सोडली असेल तर जीव घेतो, आणि बाहेरून फरक कळत नाही. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

१८. पावागड आणि जांबुघोडा एका दिवसात होईल?

सायकलवरून घरापासून घरापर्यंत नको. हालोलचा चौपदरी रस्ता कंटाळवाणा आणि वेगवान गाड्यांचा. सायकल गाडीवर टाकून शिवराजपूरपर्यंत न्या. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, स्मारकांच्या आवारात आणि तटांवर सायकल घालायची नाही. जांबुघोडा अभयारण्यात आतल्या वाटांसाठी वनविभागाची परवानगी आधी घ्या. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे अस्वलं फुलं खायला येतात. वळणापूर्वी घंटी वाजवा आणि उजाडल्यावरच शिरा. मुरमावरचे गोटे बॉलबेअरिंगसारखे फिरतात, उतारावर मागचा ब्रेक आधी, पुढचा हलकेच.

१९. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला कुठे न्यावं?

वढवाणा. डभोईच्या पुढचा तलाव, बडोदा राज्याने १९१० मध्ये बांधलेला, २०२१ पासून रामसर यादीत. गाडीने डभोईपर्यंत, पुढे गावरस्त्यांनी सायकल. डिसेंबर-जानेवारीत पट्टकादंब दिसतात, तेव्हा सायकल लांब उभी करून चालत जा. मुलाची सायकल सीटवर बसून पायाचे चवडे टेकतील अशीच हवी, "वाढत्या अंगाची" मोठी घेऊ नका.

२०. खायला-प्यायला काय न्यावं?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात लिटरपर्यंत. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा, अर्ध्या बाटलीत ओतलं तर पोट बिघडतं. दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी उत्तम. शेव उसळ परतल्यावर. आधी खाल्लीत तर पाद्र्यापर्यंत जळजळ सोबत येते.

२१. साप चावला किंवा हाड मोडलं तर?

१०८. जवळचं गाव आणि रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड सांगा, कोतरात असाल तर एकाला डांबरी रस्त्यावर उभं करा. चावलेल्या जागी कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही नको. अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, सरकारी इस्पितळ गाठा. याच कारणासाठी कोतरात एकट्याने किंवा एकटीने जाऊ नये, किमान तिघं असावेत.

२२. चिखल पुरे. खरी वाळूची किनारपट्टी हवी असेल तर?

मग दक्षिणेला. रेल्वेने नवसारीला उतरून दांडी आणि उभराट हा जोड एका दिवसाचा, डांबरी आणि कच्चा मिसळलेला. सायकल पार्सल ऑफिसात बुक करावी लागते. पेडल काढा, हँडल फिरवून बांधा, मागचा डिरेल्युअर सर्वांत लहान कॉगवर ठेवून त्याला पुठ्ठा गुंडाळा, नाव-फोनची चिठ्ठी दोन ठिकाणी लावा. त्या गाडीला लगेज व्हॅन आहे का आणि ती नवसारीला पार्सल उतरवते का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. नाहीतर तुम्ही नवसारीत आणि सायकल मुंबईत. ओल्या घट्ट वाळूवर ओहोटीच्या वेळी चालवता येतं, कोरड्या वाळूत हवा २० पर्यंत उतरवूनही ढकलावीच लागते. घरी आल्यावर प्रश्न १३.